बाईंनी केलेली चूक

व्हेरोना गिटन्सबाईंनी बार्बाडोसातल्या त्या टीचभर गावाला उभा जन्म इंग्रजी शिकवलं आणि शेवटी गाव त्यांच्यापुढे मुकं झालं. कोळीण असो की पाद्री, ‘काल मी जातो’ असं कुणी म्हणालं, की बाई भररस्त्यात अडवून चूक सुधारायच्या. शाळा सुटली, पण खोड सुटली नाही. ओटीवरच्या माणसाला रामराम न करता पुढे जायचं नाही ही तिथली रीत, आणि बाई सदा ओटीवर बसलेल्या, म्हणून लोक ‘शुभ दुपार, गिटन्सबाई’ एवढं म्हणत आणि पाय उचलत. तेवढं वाक्य चुकायची भीती नव्हती ना! बोलायला माणूस नाही, हे बाईंना फार लागत होतं.

शनिवारी समोर ऑरियलच्या गुत्त्यात गाव लोटायचं. डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटायच्या, खदखदून हसणं ऐकू यायचं. त्या शनिवारी काहीतरी न्यायच्या निमित्तानं बाई वाडगा घेऊन आत शिरल्या आणि हसणं चिडीचूप झालं.

“आपल्याला काय देऊ, बाई?” ऑरियलनं परीक्षेला बसल्यासारखं विचारलं.

बाई आरशापुढे घोकून आल्या होत्या. “ऑरियल, काल मी तुझ्याकडे येते, पण पाय दुखतो,” त्या म्हणाल्या आणि कुणीतरी हसेल म्हणून थांबल्या.

डार्नली कोळ्याची खुर्चीच उलटली. “अगं, बाईंना झटका आला! तोंड वाकडं झालंय का बघ!”

“ते आधीपासनंच आहे! धर मेल्या त्यांना!”

खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून त्यांना घरी नेलं. कुणी काढा उकळला, कुणी कपाळ चोळलं. घाबरलेली माणसं बाईंची भीतीच विसरली. कुणाची पोर कुणाबरोबर पळाली, कुणाचे फणस कुणी चोरले, सगळं निघालं, चुकांसकट. ऑरियल म्हणाली, “डॉक्टर उद्या उगवंल. मी रात्री हितंच निजते.” बाई डोळे मिटून पडून होत्या. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

मग डार्नली कानाशी वाकला. “बाई, काल आम्ही समुद्रावर जातो. पाच मासा मिळतात.”

बाई चूक पकडतात का, हे बघायला सगळे पुढे झुकले. गप्प राहिलं तर ऑरियल राहील, हे बाईंना कळत होतं. त्यांनी दात आवळले. पण जित्याची खोड!

“गेलो,” त्या म्हणाल्या. “पाच मासे मिळाले.”

एकच जल्लोष झाला. कुणी रडलं, कुणी त्यांचा हात चुंबला. आणि मग एकेकाला आठवलं, आपण कुणाच्या घरात आहोत ते. टोप्या हातात आल्या, आवाज उतरले. ‘शुभ संध्या, गिटन्सबाई’ म्हणत घर रिकामं झालं.

“ऑरियल, तू थांबतेस ना?” बाईंनी विचारलं.

ऑरियल दारात अडखळली. तिनं शब्द मनात जुळवून पाहिले.

“नाही, बाई. आपण आता पूर्ण बऱ्या झाला आहात.”

वाक्यात एकही चूक नव्हती.