गुरुवारची चावी

मी चावी बोलतेय. घराची मूळ चावी वेगळी. ती आईच्या पर्समध्ये राहते आणि जरा तोऱ्यातच असते. मला सगळे डुप्लिकेट म्हणतात. हा शब्द मला लागतो, पण सांगणार कुणाला? नावात चावी असली तरी मी आजवर कुणाला चावलेली नाही. मला दात आहेत ते कुलपापुरते.

माझा जन्म शाळेच्या एका पत्रामुळे झाला. यापुढे दर गुरुवारी शाळा चारऐवजी साडेबाराला सुटेल, असं त्यात होतं. उरलेल्या वेळात शिक्षक एकत्र बसणार, पुढच्या आठवड्याचे धडे ठरवणार, कोणतं मूल कशात मागे पडतंय ते बघणार. शेवटी ‘सहकार्याबद्दल पालकांचे आभार’ असंही लिहिलं होतं. सहकार्य कुणी मागितलं नव्हतं, आभार मात्र आधीच मानून टाकले होते.

या घरातली आई तयार कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करते. कामाला लागताना फोन तिथल्या कपाटात ठेवावा लागतो, तो साडेतीनला सुटल्यावरच हातात येतो. मग ती तडक शाळेत जाऊन चारला मुलींना घेते. बाबा ट्रक चालवतात, ते आठवड्यातून एखाद्या दिवशी घरी दिसतात. म्हणजे गुरुवारी साडेबारा ते सव्वाचार मुलींचं कोण? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मी.

आईने दुसऱ्याच दिवशी चावीवाल्याला गाठलं. त्याने मूळ चावी आणि कोरी मी शेजारी शेजारी अडकवून चाक फिरवलं. ठिणग्या उडाल्या, माझे दात पडले, म्हणजे घडले.

“नीट घासा हं,” आई म्हणाली. “लहान मुलीच्या हातानं उघडायचंय.”

“केवढी आहे?”

“नऊ वर्षांची.”

चावीवाल्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. आणखी एकदा कानस फिरवून मला तिच्या हातात दिलं.

नऊ वर्षांच्या मुलीला घरात सगळे ताई म्हणतात. धाकटी चिंगी पाच वर्षांची. ती बोलते भरपूर आणि ऐकते थोडं. दर गुरुवारी सकाळी आई मला नाडीत ओवून ताईच्या गळ्यात घालायची आणि दर वेळी तेच बजावायची. “चावी कपड्यांच्या आत ठेवायची. कुणाला दाखवायची नाही. दार उघडलं की आधी आतून कडी लावायची. गॅसला हात लावायचा नाही.”

“माहितीय गं,” ताई म्हणायची.

“माहितीय तर म्हणून दाखव.”

ताई पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. मग दोघी जायच्या. बाकीचे सहा दिवस मी दाराच्या आत, बटणांच्या बोर्डाखाली, एका खिळ्यावर लटकून असायचे. तिथून मला सगळं दिसतं. शेजारीच दार, ओढलं की आपोआप लागणारं, आणि उजवीकडे स्वयंपाकघराची खिडकी. बाहेरच्या बाजूला खिडकीखालून एक अरुंद छज्जा जातो, तो थेट जिन्याच्या खिडकीपर्यंत. घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. शाळेच्या फाटकावरच्या मामांनाही सवय झाली. बाकी दिवस आई आल्याशिवाय ते या दोघींना सोडत नसत. शाळा साडेबाराला सुटली, की मात्र म्हणत, “तुम्ही एकट्या जाता ना? जा, सांभाळून.” सवय फार गुणाची असते, पण तिला वार कळत नाही.

एका सोमवारी ताईच्या बाईंनी वर्गात फळ्यावर एक ओळ लिहिली आणि मुलांनी ती वहीत उतरवली. ‘परवा शाळा साडेबाराला सुटेल.’ त्या आठवड्यात शिक्षकांना गुरुवारी कुठेतरी प्रशिक्षणाला जायचं होतं, म्हणून बैठक बुधवारी घेतली होती. परवा म्हणजे बुधवार. बाईंच्या डोक्यात स्वच्छ होतं.

सोमवारी संध्याकाळी आई आली तीच डोकं धरून. ताईने वही पुढे केली. आई म्हणाली, “उद्या बघते, राहू दे आता.” मंगळवारी तिने ती ओळ वाचली. परवा. मंगळवारनंतरचा परवा, म्हणजे गुरुवार.

“दर गुरुवारी सुटतेच की साडेबाराला,” ती म्हणाली. “यात लिहून द्यायचं काय?” आणि सही केली.

एक दिवस सही लांबली आणि परवा एक दिवस पुढे सरकला. ताईने सोमवारीच लिहून घेतलं होतं, आणि लिहिलं की संपलं, असं मुलांचं असतं. खोटं कशाला बोलू, मीही खिळ्यावर निवांत होते. माझा वार गुरुवार, असंच मी समजत होते.

बुधवारी पाऊण वाजता दारावरची घंटा वाजली.

या वेळी कोण, म्हणून मी कान टवकारले. घंटा पुन्हा वाजली. मग ताईचा आवाज आला. “आई, दार उघड.”

माझ्या अंगावर काटा आला. आईने वही वाचली, सही केली, चावी मात्र दिली नाही, म्हणजे आई घरी असणार, असा त्या पोरीचा हिशोब. ती हाका मारत राहिली. मी दारापासून वीतभर अंतरावर. मध्ये एक लाकडी फळी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा आत आणि काख बाहेर.

“आई झोपली असेल,” चिंगी म्हणाली.

“आई दुपारी कधी झोपते का?” ताईचा आवाज बारीक झाला होता. तिने समोरचं दार वाजवलं. ते काका-काकू महिनाभर मुलाकडे गेले होते. खालच्या मजल्यावर जाऊन आली, तिथेही कुलूप.

“ताई, मला शू लागलीय.”

“थांब जरा.”

“नाही थांबता येत.”

मग ताईची पावलं जिन्याच्या खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. शेवटी ताई म्हणाली, “तू या पायरीवर बस. काय वाट्टेल ते झालं तरी उठायचं नाही. मी खिडकीतून आत जाते.”

“पडशील.”

“नाही पडत. तू बघू नकोस फक्त.”

जीव टांगणीला लागतो म्हणजे काय, हे माणसं उगाच बोलून जातात. मी टांगलेलीच होते, आणि त्या दिवशी मला जीवही आहे हे कळलं. मी ओरडायला हवं होतं. खिळ्यावरून पडले असते तरी निदान आवाज झाला असता. मी मूग गिळून लटकून राहिले, कारण लोखंडाचा खिळा आणि पितळेची चावी यांच्या हातात आणखी काय असतं?

छज्ज्यावर बूट घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कडेला चार बोटं दिसली. त्यांच्या मागोमाग ताईचा चेहरा वर आला. पांढराफटक पडला होता. काच अर्धवट सरकलेली होती आणि तिथेच अडकली होती. ताई एका हाताने काच ढकलत होती आणि दुसऱ्या हाताने चौकट धरून होती. मध्येच तिने आत पाहिलं. तिची नजर खिळ्यावर गेली, माझ्यावर.

मी त्या मुलीच्या गळ्यात चार महिने होते, तिच्या छातीचे ठोके मला ओळखू येतात. त्या वेळी ती मला दोष देत नव्हती. ती स्वतःला देत होती. ते बघवलं नाही मला.

दाराबाहेर चिंगी रडायला लागली. “ताई, तू कुठे गेलीस?” ताईने दात ओठ खाऊन काच ढकलली. काच करकरत सरकली, ताई ओट्यावर पोटावर पडली, भांडी खाली आली. ती उठली, पळत आली आणि तिने आतून दार उघडलं. चिंगीचा फ्रॉक ओला झाला होता.

ताईने आधी तिला धुतलं, मग भांडी उचलली, मग काच जशी होती तशी लावली. शेवटी चिंगीसमोर बसून म्हणाली, “हे आईला सांगायचं नाही. आईची नोकरी जाईल.” हे तिने कुठून आणलं कुणास ठाऊक. बहुधा आई-बाबांचं फोनवरचं बोलणं ऐकलं असेल.

सव्वाचार व्हायच्या आधीच आई आली. फाटकावर मामांनी तिला सांगितलं होतं, “आज साडेबारालाच सुटली की शाळा. तुमच्या दोघी गेल्या.” तिथून ती धावतच आली होती. दार उघडून तिने दोघींना पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने खिळ्याकडे बघितलं. मी तिथेच होते.

“आत कशा आलात?”

“दार उघडंच होतं,” ताई म्हणाली. “तू ओढून घ्यायला विसरलीस.”

आईला ते खरं वाटलं. दमलेल्या माणसाला स्वतःची चूक लगेच पटते. त्या दिवसापासून ती सकाळी दार ओढायची, दोन पायऱ्या उतरायची, परत येऊन ढकलून बघायची. असं तीनदा करायची. एकदा त्यापायी तिची बस चुकली. ताई खाली मान घालून उभी राहायची. हे सगळं मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. त्यातच चिंगी एकदा म्हणाली, “ताई, पुढच्या वेळी मी जाऊ खिडकीतून?”

बाराव्या दिवशी रविवार होता. आई खिडकीची काच बाहेरून पुसायला वाकली आणि तशीच थांबली. छज्ज्याच्या कोपऱ्यात ताईची लाल रिबीन अडकली होती. शाळेत हरवली म्हणून ताईने बोलणी खाल्ली होती, तीच. आईने रिबीन उचलली. खाली बघितलं. खाली सिमेंटचं अंगण आहे.

“ताई,” तिने हाक मारली. आवाज चढवला नाही. “दार उघडं नव्हतं ना गं?”

“नव्हतं,” ताई म्हणाली, आणि बारा दिवसांचं सगळं एकदम रडून घेतलं.

सोमवारी आईने रजा काढली. तिने वही आणि रिबीन बाईंसमोर ठेवली. हे मला नंतर ताईच्या बोलण्यातून कळलं. बाई ती ओळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमची चिंगी अक्षरं उलटी काढते, हे आम्हाला त्याच गुरुवारच्या बैठकीत कळलं. तो वेळ मी सोडू शकत नाही हो.”

“सोडा कुठे म्हणते मी?” आई म्हणाली. “तुम्हाला वेळ लागतो, मलाही लागतो. तुमचा तुम्ही आमच्याकडून घेतलात. मी कुणाकडून घेऊ?”

शाळेने लगेच एक नियम काढला. गुरुवारी एकट्या जाणाऱ्या मुलांनी फाटकावर घराची चावी दाखवायची, तरच सोडायचं. आई सांगायची कुणाला दाखवू नको, शाळा म्हणायची दाखव. त्या गुरुवारी मामांनी विचारलं आणि ताईने मला बाहेर काढलं. तिच्या मागे दुसऱ्याने काढली, मग तिसऱ्याने. एकूण सत्तावीस चाव्या निघाल्या. नाडीत, दोऱ्यात, एक तर बुटाच्या लेसमध्ये. मला वाटायचं मी एकटीच डुप्लिकेट. शेजारी उभ्या राहून बाई मोजत होत्या. सत्तावीसवर मोजणं संपलं आणि त्या मामांना म्हणाल्या, “फाटक लावा. कुणी जायचं नाही.”

त्या दिवशी शिक्षकांची बैठक मुलांच्याच वर्गात झाली. पुढे मुलं चित्रं काढत होती, मागच्या बाकांवर शिक्षक दाटीवाटीने बसले होते. गोंगाटात धड बोलणं झालं नाही म्हणे. तरी चारपर्यंत एक वर्ग उघडा ठेवायची पद्धत तेव्हापासून पडली. किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

आता मी गुरुवारीही खिळ्यावर असते. माझं पितळ काळवंडायला लागलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. बिनकामाची चावी म्हणून कुणी नाक मुरडलं तरी चालेल, पण मुलांच्या गळ्यात मला घालू नका. आणि कुणाला निरोप लिहून द्याल, तेव्हा परवा लिहू नका, वार लिहा.

सव्वाचारला जिन्यात पावलं वाजतात. आधी चिंगीची बडबड, मग आईची चप्पल. मूळ चावी फिरते, दार उघडतं. ताई बूट काढायच्या आधी हात वर करून मला चाचपते, मी जागेवर आहे ना ते बघते. मग स्वयंपाकघरात जाऊन खिडकीला आतून कडी घातली आहे ना, तेही बघते. त्यानंतर दप्तर खाली ठेवते.