साखर की बुरशी

“डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे वास आला,” असं म्हणत डॉक्टरांनी अमोनियाच्या बाटलीला बूच लावलं आणि कागद पुढे ओढला.

शमशोन घोसाळकरने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. त्याचं डोकंच फिरलं होतं. “नाकात बोळे कोंबून कांदा चिरला तरी पाणी येतंच की! त्याला नाक कशाला लागतं? सांग त्यांना, एदना.”

एदनाने हिब्रूत सांगितलं, पण मधले चार शब्द गाळून. ती त्याची एकुलती एक मुलगी. त्याला हिब्रू ऐकून कळे, पण बोलायला एदना लागे. चौदाव्या वर्षी आईबापांबरोबर मुंबई सोडून अरादला आली, त्याला आता आठ वर्षं झाली होती. मराठी तिला सगळं कळे, पण तोंड उघडलं की हिब्रू. बापाला ती ‘अब्बा’ म्हणे आणि ‘काय गो’ला हिब्रूत ‘मा?’, म्हणजे ‘काय?’, असं उत्तर देई. शमशोनने त्यावर कपाळाला हात लावणं सोडून दिलं होतं.

“फॅक्टरीने मास्क दिले होते,” टेबलाच्या पलीकडून योराम म्हणाला. कामगारांच्या तक्रारी तपासणाऱ्या या समितीवर तो कंपनीच्या बाजूने होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घरी लवकर जायचं असे. “आणि त्या खोलीतल्या दुसऱ्या कुणाची तक्रार नाही.”

“दुसरे घाबरतात,” शमशोन म्हणाला. हे एदनाने जसंच्या तसं सांगितलं.

मामला सरळ होता. अरादहून रोज पहाटे बस उतार उतरून मृत समुद्राकाठच्या कारखान्यात जायची. तिथे चार नंबरच्या खोलीत तांबड्या वाफेचं एक रसायन पिंपांत भरलं जायचं. खोलीला खिडकी एक, आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा नाही. शमशोनने तिथे सात वर्षं काढली. आधी बायकोच्या, बतशेवाच्या फोडणीचा वास गेला, मग पेट्रोलचा, मग स्वतःच्या घामाचा. दोन वर्षांपासून त्याला जगात कशाचाच वास येत नव्हता. गेलं ते परत मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला फक्त एक कागद हवा होता: नाक गेलं, आणि त्या खोलीमुळे गेलं. तो कागद मिळाला की पंखा बसवेपर्यंत खोली बंद ठेवावी लागणार होती. आणि त्याला तेच हवं होतं, कारण सहा महिन्यांपूर्वी त्याच खोलीत, पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवायला, एदना लागली होती.

“मिस्टर घोसाळकर,” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “वास येत नाही, असं कुणीही म्हणू शकेल. मी कशावर लिहू?”

शमशोनचं लक्ष टेबलावरच्या रक्षापात्राकडे गेलं. त्यात डॉक्टरांचा पाईप पडला होता. चांगला, जुना, दातांच्या खुणांचा पाईप. तो बघून शमशोन खुर्चीत ताठ बसला.

“येत्या मंगळवारी परत येतो,” तो म्हणाला. “माझं जुनं नाक दाखवतो तुम्हाला.”

ते जुनं नाक घरी पलंगाखालच्या ट्रंकेत होतं. मुंबईला फोर्टात कावसशेठच्या तंबाखूच्या दुकानात शमशोनने बावीस वर्षं काढली. विलायतेहून पाईपच्या तंबाखूचे डबे यायचे, ते फोडून बघायचे, हे त्याचं काम. झाकणाखाली पैशाचं नाणं घालून पीळ द्यायचा, हवाबंद डब्याचा ‘फुस्स’ आवाज झाला की तीन मोजायच्या आत नाक लावायचं, मग चिमूट चोळून पाईपात भरायची. एक खोटी काडी, वरचा थर नुसता भाजायला, मग ओढायची खरी काडी. दोन झुरक्यांत तो डबा काचेच्या कपाटात तरी जाई किंवा कचऱ्यात. एरवी हा माणूस विडीलाही शिवत नसे. ओढायचं ते फक्त सॅम्पल.

त्यात एक अवघड जागा होती. तंबाखू वर्षानुवर्षं बंद डब्यात मुरला की त्यावर पांढरं येतं. ते पांढरं दोन तऱ्हांचं. एक म्हणजे तंबाखूची स्वतःची गोडी वर येऊन बसते, तिला दुकानात साखर म्हणायचे. असा डबा दुप्पट किमतीला जाई. दुसरं म्हणजे बुरशी. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. भले भले साहेब फसत. मग कावसशेठ आतल्या बाजूला हाक मारत, “शमशोन, जरा नाक घेऊन ये!” आणि शमशोन एकच श्वास घेऊन सांगे, साखर की बुरशी. बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

मुंबई सोडून निघताना कावसशेठने त्याला पाच डबे दिले. ते एदनाच्या लग्नात फोडायचे होते.

“आणि तुला वास नाय ओळखता आला,” बतशेवा भाकऱ्या थापताना म्हणाली, “तर ते म्हणतील, नाटक करतोय म्हातारा. उगाच डबे फुकट जातील. पोरीच्या लग्नाचे हायत ते.”

“आधी पोरीचं नाक राहू दे. मग लग्न.”

“तोंडाने सांगून ऐकत नाय ते, डबे बघून ऐकतील?”

“तो डॉक्टर पाईप ओढतो,” शमशोन म्हणाला. “पाईप ओढणारा माणूस कारागीर ओळखतो. हुंगताना माझं तोंड बघून कळेल त्याला, नाक गेलंय ते. कळायलाच पाहिजे!”

बतशेवाने पुढची भाकरी तव्यावर टाकली. नवऱ्याचं डोकं एकदा फिरलं की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तिला सव्वीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलं होतं.

मंगळवारी समितीच्या खोलीत पाच डबे ओळीने मांडले गेले. डॉक्टरांचे डोळे लुकलुकले. कारकुनीचं काम करणारी रूत टाइपरायटर सोडून पुढे आली. डोक्यावर छताचा पंखा घरघरत होता. कागदांसाठी पंखा, आणि रसायनासाठी नाही, असं शमशोनच्या मनात आलं; पण त्याने ते पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलं.

पहिला डबा त्याने फोडला. फुस्स. तंबाखूची एक पट्टी उचलून त्याने बोटांत चोळली, उजेडात धरली. “व्हर्जिनिया. दाबून कापलेला. गोड असणार. हा सकाळचा तंबाखू.” डॉक्टरांनी नाक लावलं आणि त्यांचे डोळे मिटले. दुसरा डबा काळा निघाला. “हा धुरावर सुकवलेला. जळक्या लाकडासारखा वास पाहिजे. येतो ना?”

“येतो!” डॉक्टर हसले. “अगदी बरोबर.”

“बघा,” योरामही हसला. “यांचं नाक तर आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे. लिहून टाका, नाक शाबूत.”

शमशोन खुर्चीतून अर्धा उठला. जे जे येत होतं ते त्याने दाखवलं आणि तेच अंगाशी आलं. “ते डोळ्यांनी सांगितलं मी! बोटांनी! बावीस वर्षांची बोटं हायत ही!” एदनाने घाईघाईने सांगितलं. योरामने खांदे उडवले. डॉक्टरांनीही, जरा नाइलाजाने का होईना, पेन हातात घेतलं.

रागारागातच शमशोनने तिसरा डबा ओढला. नाण्याने झाकण उचकटलं. फुस्स ऐकू आलं नाही, असं त्याला क्षणभर वाटलं. पण वरचा पंखा घरघरत होता, आणि त्याचा राग त्याहून मोठ्याने. आतला कागद बाजूला केला आणि त्याचा चेहरा उजळला. सगळ्या पट्ट्यांवर पांढरी झाक धरली होती.

“साखर!” तो ओरडलाच. “आठ वर्षांची साखर! पैसे टाकून मिळत नाय असली. थांबा, लिहू नका. हा बघा, कसा ओढायचा तो.”

त्याने खिशातून आपला सॅम्पलचा पाईप काढला, पट्टी मोडली, चोळली, भरली. खोटी काडी, मग खरी काडी. आणि जुन्या सवयीने मान मागे टाकून, डोळे मिटून, तो सावकाश ओढू लागला. असा तो बऱ्याच वर्षांत बसला नव्हता.

डोळे उघडले तेव्हा रूत रुमाल नाकाला लावून खिडकीशी उभी होती. योराम खुर्चीसकट मागे सरकला होता. डॉक्टर जागेवरच होते, पण त्यांचं पेन थांबलं होतं आणि ते शमशोनकडे अशा नजरेने पाहत होते, की त्याला वाटलं, आपल्या मागे कुणी उभं आहे.

“काय झालं?” त्याने विचारलं. “जरा कडक हाय, पण साखरेचा कडकच लागतो.”

एदनाचे डोळे भरले होते. ती बापाजवळ आली, त्याच्या खांद्यावर तिने हात ठेवला आणि मराठीत म्हणाली,

“बाबा, ती साखर नाय.”

शमशोनने डब्यात पाहिलं. मग डबा उलटा केला. बुडाच्या कडेला गंजाचा एक ठिपका होता, आणि त्याच्या मध्यभागी सुईएवढं भोक. आठ वर्षं त्यातून हवा आत जात होती. बोटीवरची दमट, ट्रंकेतली कोंदट, कशाकशाची. फोर्टातल्या दुकानात हा डबा त्याने हातभर अंतरावरूनच कचऱ्यात भिरकावला असता. बावीस वर्षांत एकदाही न चुकलेला तो आज चुकला होता, तेही तीन परक्या माणसांसमोर, पोटच्या पोरीसमोर. त्याचे कान लाल झाले. उठावं आणि निघून जावं, असं त्याला फार वाटलं.

रूतने खिडकी उघडली. “विझवा ते,” योराम नाक धरून म्हणाला. “कृपा करून विझवा.”

ते ऐकलं आणि शमशोनमधला कोकणी खडक जागा झाला. त्याने पाईप विझवला नाही. पाय पसरले, खुर्चीला पाठ टेकली आणि आणखी एक लांब झुरका घेतला.

“नाय विझवणार,” तो म्हणाला. “डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलं होतं, कशावर लिहू. ह्याच्यावर लिहा. तुम्ही लिहा, मी ओढतो. डबा भरलेला हाय, मला घाई नाय. एदना, सांग त्यांना. आणि ह्या वेळेला एक शब्द गाळलास तर बघ.”

तिने एक शब्दही गाळला नाही. उलट शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं: “मी त्याच खोलीत काम करते. मला हा वास येतोय. अजून येतोय.”

योराम काहीतरी बोलायला गेला, पण ठसकाच लागला. डॉक्टरांनी पेन उचललं. ते बराच वेळ लिहीत होते, आणि तितका वेळ शमशोन ओढत होता, डोळ्याची पापणीही न हलवता. जिभेला कडू लागत होतं. पण त्याने तोंड वाकडं केलं नाही. शिक्का उमटला, एदनाने कागद मोठ्याने वाचून मराठीत समजावला, तेव्हाच त्याने पाईप रक्षापात्रात झटकला.

दारापर्यंत डॉक्टर सोडायला आले. “मला माफ करा,” ते म्हणाले.

“माफी कशाची?” शमशोन म्हणाला. “पंखा बसवा.”

पंखा बसायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत चार नंबरच्या खोलीला कुलूप होतं.

समितीनंतरच्या पहिल्या शनिवारी सांजेला शब्बाथचा पवित्र दिवस उतरला तेव्हा बतशेवाने मनुकांच्या सरबताचा पेला मांडला, मेणवात लावली आणि लवंगांची डबी शमशोनपुढे ठेवली. वास घ्यायचा आणि सुगंधाची बराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, म्हणायची, हा रिवाज. ज्याला वास येत नाही त्याने ही बराखा म्हणू नये, असं आहे. शमशोनला ते ठाऊक होतं. तरीही दोन वर्षं तो हट्टाने डबी हुंगत आणि बराखा म्हणत आला होता. घरातल्या कुणाची त्याला अडवायची टाप नव्हती.

आज त्याने लवंगांची डबी बाजूला सारली. उठून ट्रंकेतला चौथा डबा आणला, दिव्याजवळ नेऊन आधी बूड तपासलं आणि मग झाकण पिळलं. फुस्स झालं. पट्ट्यांवर पांढरं आलं होतं. त्याने तो डबा एदनापुढे धरला.

“सांग. साखर की बुरशी?”

“मी?” ती गडबडली. “मला काय कळतं?”

“नाक हाय ना? तीन मोजायच्या आत.”

तिने डोळे मिटले आणि श्वास घेतला. बतशेवा मेणवात हातात धरून थांबली.

“साखर, बाबा,” एदना म्हणाली. “साखरच.”

शमशोनने डब्यात पाहिलं. त्याच्या डोळ्यांना ते नुसतं पांढरं दिसत होतं. त्याने मान डोलावली.

“मग बराखा तू म्हण,” तो म्हणाला.

“अरे, पोरीने म्हणायची?” बतशेवा कुजबुजली. “लोक काय म्हणतील?”

“ज्याला नाक, त्याची बराखा. लोकांना माझ्याकडे पाठव.”

एदनाने हळू आवाजात, अडखळत ती म्हटली. आमेन मात्र शमशोनने एवढ्या मोठ्याने म्हटलं, की शेजारच्या घराची खिडकी उघडली. मग त्याने झाकण तळव्याने दाबून बसवलं आणि डबा तिच्या हातात दिला.