उघड्या पेटीतला निळा दिवा

मित्रांनो, ज्याच्याकडे डोळे भरून पाहू नये असा एक जुना दिवा मी आहे. स्फटिकासारख्या काचेची वीतभर नळी आणि तिच्यात पाऱ्याची वाफ. तुम्हाला दिसते ती माझी फिकट निळाई. माझे खरे किरण कुणालाच दिसत नाहीत. दवाखान्यातले जंतू मारण्यासाठी मला घडवले होते.

पंच्याऐंशी साली नृसिंहने मला राजारामपुरीतल्या आपल्या घरी आणले. कबनूरच्या गणपतरावांच्या यंत्रमागांसाठी तो एक यंत्र तयार करत होता: धागा तुटला की माग आपोआप थांबावा. पुढच्या खोलीत त्याने बोर्ड, आकड्यांच्या कळा आणि वीजपुरवठ्याचा डबा मांडला. लिहिलेला प्रोग्रॅम काचेची खिडकी असलेल्या एका चिपमध्ये साठवला जाई. चूक सापडली की ती चिप माझ्याखाली यायची. माझ्या प्रकाशात तिची सारी स्मृती पुसली जाई आणि नृसिंह पुन्हा लिहू लागे. त्याच्या चुका अमाप होत्या. मी मनापासून राबलो.

माझ्या लाकडी पेटीला झाकण हवे होते. उघड्या डोळ्यांनी पाहू नये, असे माझ्या खोक्यावर छापलेच होते. नृसिंहने ते वाचले आणि तो माझ्याकडे पाठ करून बसू लागला. झाकण मात्र काम संपल्यावर करायचे ठरले.

त्याची आई, अक्का, घरी शिवणकाम करी. तिन्हीसांजेला मी पेटलो की ती मशीन थांबवून माझ्यासमोर येई, हात जोडी आणि माझ्याकडे टक लावून काहीतरी पुटपुटे. दिवा लागला की नमस्कार करायचा, एवढेच तिला ठाऊक. इतक्या श्रद्धेने माझ्याकडे कधी कुणी पाहिले नव्हते. तितक्याच निष्ठेने मी तिचे डोळे भाजत होतो.

"नरसू, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय रे."

"शिवण कमी कर की मग."

"ह्या दिव्यानं तर नव्हे?"

तो हसला. "रोज हात जोडतेस, आणि आता त्यालाच नावं ठेवतेस व्हय!"

खरे सांगितले तर आपले सारे सामान घराबाहेर जाईल, हे तो जाणून होता. अक्का जळजळत्या डोळ्यांत मध घालत राहिली. पावसाळा सरता सरता उजव्या डोळ्यात फूल पडले. डाव्यातही पांढुरका पडदा उतरला. शिवणाचे मशीन कोपऱ्यात गेले.

एके दिवशी गणपतराव आले. नृसिंहने ताणलेला धागा कात्रीने कापला. यंत्राला जोडलेली मोटर जागीच थांबली.

"आयला, धागा तुटल्यालं यंत्राला दिसतंय की!" मांडीवर थाप मारत गणपतराव ओरडले.

अक्काने किटलीतला चहा कपाशेजारी ओतला.

"आक्कास्नी दिसत न्हाय व्हय?"

"वय झालं," नृसिंह म्हणाला.

अक्काने अजून पन्नाशी गाठली नव्हती. ती पदराने मेज पुसू लागली. जिथे काही सांडले नव्हते, तिथे.

मित्रांनो, आज मी भंगाराच्या ढिगात पडून आहे. माझ्यासारख्यांकडून काम जरूर घ्या, पण आधी झाकण बसवा. तेवढेही जमत नसेल, तर घरात वावरणाऱ्यांना निदान सांगा. मला तोंड नव्हते. नृसिंहला होते.