पाचव्या मजल्यावरून इन्नोकेंती

आमची बिल्डिंग १९३० सालची. आर्किटेक्टनं घरांत स्वयंपाकघरं ठेवलीच नाहीत. नवा सोव्हिएत माणूस खाली सगळ्यांबरोबर जेवणार होता. तो मरेलसुद्धा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नसावं. जिना इतका अरुंद, की वळणावर शवपेटी अडकतेच.

ऐंशी वर्षं आम्ही वळणावरच्या कठड्याचे चार बोल्ट काढायचो, मेलेल्याला न्यायचो, बोल्ट परत लावायचो. मग पाचव्या मजल्यावरच्या इन्नोकेंती साव्हेल्येविचनी अर्जांवर अर्ज करून बिल्डिंगला वारसा वास्तूचा दर्जा मिळवला. कठड्याला सरकारी सील लागलं. तेव्हापासून माणूस पिशवीतून खाली येतो, पेटी अंगणात वाट बघते.

मंगळवारी इन्नोकेंतीच गेले. त्यांच्या मुलीनं, तायसियानं, हट्टानं पेटी वर मागवून त्यांना घरीच त्यात ठेवलं. आता न्यायची वेळ झाली.

"पिशवीत घालू," अंत्यविधीवाला जखार म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"बाबांना? बटाटे आहेत का ते?"

"मग बोल्ट काढतो," मी म्हणालो. "पाना आणलाय. कोण बघतंय, तायसिया?"

"बाबा बघतायत."

पेटी उघडीच होती. आत इन्नोकेंतींची एक भुवई नेहमीसारखी वर. मी पाना खिशात घातला.

तायसियानं जिन्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "जखार, पेटी वर कशी आणलीत?"

"उभी करून. पण रिकामी होती हो, ताई!"

"मग उभीच जाईल. माझे बाबा चालत असल्यासारखे उतरतील."

टॉवेलांनी त्यांना छातीशी, गुडघ्यांशी आत बांधलं, झाकण ठोकलं आणि जखार, त्याची दोन माणसं आणि मी, असे आम्ही चौघं पेटी उभी धरून पायरी-पायरी उतरू लागलो. तायसिया बरोबरच होती. तिसऱ्या मजल्यावर रिम्मा पाव्हलोव्हनानं दार उघडलं आणि सवयीनं बोलून गेली, "इन्नोकेंती साव्हेल्येविच, माझं छत पुन्हा गळतंय, अर्ज लिहा ना!" मग तोंडावर हात ठेवला, छातीवर क्रॉसची खूण केली आणि घरातल्या चपलांनीच आमच्या मागून उतरू लागली.

वळणावर पेटी आणि कठडा यांच्यात बोटभर जागा उरली. जखारचा पाय घसरला, पेटी कलली. तायसियानं मध्ये हात घातला.

कठड्याला ओरखडासुद्धा नाही. तिच्या बोटांची सालं निघाली होती. रिम्मानं रुमाल पुढं केला.

"नंतर," तायसिया म्हणाली. "आधी दार उघडा. मोठं दार, दोन्ही फळ्या."