पेडलवरचा पाय

दातांच्या डॉक्टरांनी पियानो सोडला तेव्हा त्या कॉलेजात होत्या, आणि परत धरला तेव्हा चष्म्याचा नंबर दोनदा वाढून झाला होता. शिकवणाऱ्या बाई त्याच, खोलीही तीच: खिडकीशी काळा पियानो, त्यावर पुस्तकांची चळत, भिंतीला टेकवलेलं बाक.

बाईंनी चळतीतून चार सोप्या रचना काढून पुढ्यात ठेवल्या. यातली आवडेल ती घे, म्हणाल्या. डॉक्टरांनी ती पानं हळूच बाजूला सरकवली. त्यांना कॉलेजात वाजवलेला मोठा सोनाटाच हवा होता, पानंच्या पानं चालणारी अवघड रचना. बाईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम जवळ आला होता, आणि तो ऐकायला डॉक्टरांचे वडील येणार होते. "बाबा, तुमच्या आवडीचा सोनाटा वाजवते," असं डॉक्टर फोनवर बोलून बसल्या होत्या. बाबांनी ते साऱ्या नातेवाइकांत सांगूनही टाकलं होतं.

बाई नुसत्या 'बरं' म्हणाल्या. हट्टाला पेटलेल्या मुलाशी त्या कधी वाद घालत नसत.

घरी सराव सुरू झाला. बोटं अडखळली की डॉक्टरांचा उजवा पाय पेडल दाबून धरी. पेडल दाबलं की आधीचे सूर थांबत नाहीत, पुढच्यांत मिसळत राहतात, आणि त्या गर्दीत चुका खपून जातात. स्वयंपाकघरातून नवरा 'वा' म्हणे. लेक मात्र काही बोलत नसे. ती लहान होती खरी, पण बाईंकडेच शिकत होती.

बाईंची एक रीत होती. कार्यक्रमाआधी प्रत्येकाने आपली रचना एकदा पेडलशिवाय वाजवायची, पाय स्टुलाखाली मागे घेऊन, आणि दुसऱ्या कुणा विद्यार्थ्याने बाकावर बसून ऐकायची. डॉक्टरांची पाळी आली त्या संध्याकाळी बाकावर लेक होती.

"पाय मागे घे," बाई म्हणाल्या.

या रचनेला पेडल लागतंच, असं डॉक्टर हसत पुटपुटल्या.

"लागतं ना. ते मागाहून घालू."

पहिल्या ओळी कशाबशा पार पडल्या. मग डावा हात मागे राहिला, उजवा एकटाच पुढे धावला, आणि सोनाट्याला जागोजागी भोकं पडली. पाय आपसूक पेडलकडे सरकला. ते बाईंनी पाहिलं, लेकीनेही पाहिलं. डॉक्टरांनी चोरी पकडली गेल्यासारखा पाय ओढून घेतला. हात थांबले, कान तापले. कीड तशीच ठेवून वरून दात भरून द्या म्हणणाऱ्या पेशंटना रोज झापणाऱ्या त्या!

"आई, घरीपण तू तिथेच दाबतेस," लेक म्हणाली. आवाजात कुचेष्टा नव्हती, म्हणून जास्त लागलं.

"मग बोलली का नाहीस?"

"आजोबांना सांगून झालं होतं ना तुझं."

डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना. आपली अब्रू सांभाळायचं काम त्यांनी एवढ्याशा पोरीवर टाकलं होतं, आणि तिने ते मुकाट्याने केलंही होतं.

मग डॉक्टरांनी हात लांबवून बाजूला सारलेल्या पानांतलं वरचं पान ओढलं. कोपऱ्यात बदकाचं चित्र होतं, लेकीनेच कधीतरी रंगवलेलं. डॉक्टर पाय मागे ठेवूनच वाजवू लागल्या. अडल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून.

"तिथे तिसरं बोट घे, आई."

त्यांनी घेतलं. सूर सुटा, स्वच्छ लागला.

लेकीने विचारलं, आजोबांना आता मी सांगू का? डॉक्टर नको म्हणाल्या आणि तिथूनच त्यांनी फोन लावला. बाबा खुशीत होते. सोनाटा कुठवर आला, म्हणून विचारत होते.

"मला येत नाही तो, बाबा. येतोय असं दाखवत होते."

मग काय वाजवणार, असं बाबांनी विचारलं. पाय अजून स्टुलाखालीच होते.

"छोटंसं आहे, एका पानाचं," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात बदक आहे."