आतल्या खोलीतली गाडी

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. चपलांचा ढीग दारातून ओसंडून जिन्यावर उतरला होता. खिडकीच्या कठड्यावर माणसं, सोफ्याच्या हातांवर माणसं, आणि सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. टीव्हीवर एक म्हातारा सुतार फळीला रंधा मारत होता. छिलके उडत होते, मधूनच तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"प्रवाह येतोय," डोळे मिटून बसलेले दादा म्हणाले. "वरून येतोय, तारेतून येतोय, आत्मा विजेच्या वाटेने चालतोय. आजोबा, तुमच्या सहचारिणीने त्या सुया टोचून घेणं सोडलं. तुम्हाला पसंत आहे ना?"

आणि म्हातारा थांबला.

रंधा अर्ध्या फळीवर, छिलका हवेत, नजर सरळ समोर. हॉलमधून एकच हुंकार उठला. सर्वांत पुढे बसलेल्या सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि त्या टीव्हीला म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेच्या हातातलं इंजेक्शन तसंच हातात राहिलं. सासूबाईंची रक्तातली साखर त्या इंजेक्शनावर टिकून होती. उजव्या पायाच्या अंगठ्याला एक जखम झाली होती, ती भरायचं नाव घेत नव्हती. "एकही इंजेक्शन चुकवू नका, पाय जाईल," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण मेलेला नवरा नको म्हणतोय म्हटल्यावर जिवंत डॉक्टरीणबाईंचं कोण ऐकतं?

सुरुवात अगदी साधी झाली होती. घरात एकच दणकट संगणक होता, आतल्या खोलीत. नवऱ्याने तो हौसेने जोडला होता. "दोन-दोन यंत्रं कशाला? हाच सिनेमे साठवेल, हाच ते हॉलमधल्या टीव्हीवर पाठवेल, आणि माझे गेमही यावरच चालतील. एका दगडात दोन पक्षी!" वडील गेल्यावर त्याने त्यांच्या जुन्या हातकॅमेऱ्यावरच्या सगळ्या फिती त्यात भरल्या. आईला म्हणाला, "बटण दाबलं की बाबा दिसतील." स्वतः मात्र एकदाही बघायला बसला नाही. कामावरून आला की आतल्या खोलीचं दार लावायचा, कानांवर हेडफोन चढवायचा आणि मोटारींच्या शर्यतीत गडप व्हायचा. "मला नाही बघवत गं," इतकंच म्हणायचा. तिनेही पुढे विचारलं नाही.

पहिल्यांदा चित्र थांबलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू ब्लाउज द्यायला आल्या होत्या. सासूबाई सहज टीव्हीला म्हणाल्या, "ऐकताय ना हो?" आणि चित्र थांबलं. काकूंच्या हातातली पिशवीच पडली. दुसऱ्या दिवशी काकू या दादांना घेऊन हजर! दादा पूर्वी काय करत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता ते निळ्या बाटलीतले थेंब देत आणि परलोकाशी बोलत. सुनेने मनातल्या मनात त्यांचं बारसं केलं : सिग्नलबाबा.

"वायफायचं काहीतरी असेल," तिने एकदा धीर करून म्हटलं.

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. "मग माझ्या मालिका कशा थांबत नाहीत? तुझ्या लेकीची कार्टूनं कशी थांबत नाहीत? एवढ्या सगळ्यांत नेमके हेच कसे थांबतात?"

खरंच, बाकी सगळं पाण्यासारखं वाहायचं. थांबायचे फक्त बाबा. नवऱ्याला विचारलं तर हेडफोनचा एक कान बाजूला करून तो म्हणाला, "उद्या बघतो." त्याचा तो उद्या काही उगवला नाही. सासूबाईंची समजूत घालावी तर त्या भिंतीकडे तोंड करत. इंजेक्शन लपवून द्यावं तर ते काय औषध आहे दुधात कालवायला? जखमेच्या कडा काळवंडत चालल्या होत्या. ती रोज मलमपट्टी करायची. घरच्या माणसाने ऐकायचंच नाही ठरवलं, की हातात फक्त पट्टी उरते.

कोडं सोडवलं चिमणीने. चिमणी म्हणजे तिची लेक, अजून चपला उलट्या घालण्याच्या वयातली. घरात हॉल आणि आतली खोली ह्या दोन्हींत फिरणारी ती एकटीच होती. मोठी माणसं एकतर इकडे बसत, नाहीतर तिकडे. सासूबाई हॉल सोडत नव्हत्या, नवरा आतली खोली सोडत नव्हता, आणि सून बापडी स्वयंपाकघरात.

त्या दुपारी आई तिचे केस विंचरत होती. चिमणी म्हणाली, "आई, आजोबा पण बाबाशी शर्यत लावतात?"

"म्हणजे गं?"

"बाबाची गाडी सुटली की आजोबा थांबतात ना. मग बाबाच जिंकतो."

फणी केसांतच राहिली.

सुट्टीचा दिवस होता, नवरा घरीच होता. तिने त्याच्या कानांवरचे हेडफोन सरळ काढले. "शर्यत सुरू करून बाहेर ये. आत्ता."

"काय झालं?"

"ये तर."

सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या, हॉलमधल्या टीव्हीवर बाबांची फीत लागलेलीच होती. संगणकाचा पंखा आधी कुजबुजत होता, तो एकदम घोंघावू लागला, इतका की हॉलच्या भिंतीतूनही ऐकू यावा. मग चार श्वास जातात न जातात तोच टीव्हीवरचे बाबा थांबले. नवरा दारात उभा होता. वडील गेल्यानंतर त्यांचा चेहरा तो पहिल्यांदाच पाहत होता. तो खाली बसला.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "टीव्हीला मालिकांची, कार्टूनची भाषा कळते. ती संगणक जशीच्या तशी पुढे ढकलतो, त्याला काही कष्ट नाहीत. पण बाबांच्या फिती जुन्या. त्यांची भाषा टीव्हीला कळत नाही. म्हणून संगणक त्यांचं शेजारी बसून भाषांतर करत राहतो, क्षणाक्षणाला. त्यात मी शर्यत सुरू केली की त्याची सगळी ताकद गाडीकडे जाते. भाषांतर अडतं आणि बाबा..." त्याने वाक्य सोडून दिलं.

तिला यंत्राचं फारसं कळत नव्हतं, पण हे नीट कळलं. बाळ रडतंय, दूध उतू जातंय आणि दारावरची बेल वाजतेय, अशा वेळी तीही मधोमध अशीच गोठून उभी राहत असे. त्यात परलोकाचा काही हात नसतो. दोन हातांना चार हातांची कामं लावलेली असतात, इतकंच.

"पण दादांना आधीच कसं कळतं?" तिने विचारलं आणि उत्तर तिलाच सापडलं. सिग्नलबाबांची खुर्ची! पहिल्याच दिवशी "इथे प्रवाह चांगला आहे" म्हणून त्यांनी ती आतल्या खोलीच्या दाराला चिकटून मांडून घेतली होती. मिटलेल्या डोळ्यांमागे कान उघडे होते. पंखा घोंघावला की मोठा प्रश्न टाकायचा. तोवर थेंबांची महती गात वेळ काढायचा.

सासूबाई उठताच ती धावत त्यांच्याकडे गेली. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "एवढंच उरलंय माझ्याकडे, तेही तुला बघवत नाही का गं?"

ह्या वाक्यापुढे ती हरली. पण अंगठ्याला थांबायला वेळ नव्हता.

संध्याकाळी पुन्हा गर्दी जमली. तिने हसतमुखाने दादांची खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली. "इथे वारा येतो, दादा."

"नको, माझी जागाच बरी."

"अहो, प्रवाह वरून येतो ना? मग खिडकीच जवळची."

लोक हसले. दादांना बसावं लागलं. बाबा रंधा मारू लागले. दादांनी हाक दिली, आळवणी केली, थेंबांची महती दोनदा सांगून झाली. बाबा आपले रंधा मारताहेत. फळी गुळगुळीत झाली, बाबांनी तिच्यावर फुंकर मारली, दुसरी फळी घेतली.

"आज वर ढगाळ आहे," दादांनी कपाळ पुसलं.

"मी विचारून बघू?" सून म्हणाली. ती आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी होती. पाठीमागच्या बोटांनी तिने दारावर हलकेच टकटक केलं. "बाबा, हे दादा खोटं बोलतात का?"

बाबा थांबले. नजर सरळ समोर.

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने दार उघडलं. आत लाल मोटार वळणावर धावत होती, पंखा घोंघावत होता, आणि खुर्चीत नवरा मान खाली घालून बसला होता. तिने त्याला शर्यत बंद करायला लावली. बाबा पुन्हा रंधा मारू लागले. सुरू करायला लावली. थांबले. चिमणीने टाळ्या पिटल्या.

"आत्मा कुठलंही रूप घेतो," दादा उठत म्हणाले. "आज त्याने मोटारीचं घेतलं."

"मग त्याला म्हणावं लायसन काढ!" मागून कुणीतरी ओरडलं. दादांनी चपला शोधल्या. ढिगात त्या काही लवकर सापडेनात.

शिवणकामवाल्या काकू मात्र जाता जाता पुटपुटल्या, "तरीपण काहीतरी असेलच बाई." एवढं उघडं केलेलं दारही कुणाला भिंत वाटू शकतं, त्याला काय करणार?

गर्दी पांगली. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"मग त्या दिवशी," त्यांनी मुलाला विचारलं, "सुया सोडू का म्हणून मी विचारलं, तेव्हा हो कोण म्हणालं?"

"तेव्हा मी... बहुतेक दुसरी शर्यत लावत होतो, आई."

त्यांनी मान हलवली. मग सुनेकडे न बघता हात पुढे केला. तिने इंजेक्शन दिलं.

अंगठा वाचला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी आला असतात तर. पाय मात्र राहिला. नवऱ्याने त्या फितींचं कायमचं भाषांतर करून ठेवतो म्हटलं. मग बाबा कधीच अडणार नाहीत.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. पट्टी बांधलेला पाय स्टुलावर, समोर टीव्ही. "जा, तुझी गाडी काढ."

"आई, ते थांबतील मग."

"म्हणूनच."

"रिमोटवर थांबवायचं बटण असतं, आई," सून हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. पण तो आत खेळतोय, एवढं तरी त्यावरून कळतं मला."

नवरा आत गेला. ह्या वेळी त्याने दार लावलं नाही आणि हेडफोनही घातले नाहीत. पंखा घोंघावला, बाबा थांबले, आणि सासूबाई काहीही न विचारता त्यांच्याकडे बघत राहिल्या.

माणूस गेला की प्रश्न उरतात, हे कुणालाच चुकलेलं नाही. ते विचारावेसे वाटले तर खुशाल विचारा. फक्त उत्तर आलंसं वाटलं की औषध सोडण्याआधी उठून आतल्या खोलीचं दार उघडून बघा. बहुतेक वेळा तिथे आपलंच एखादं माणूस एकटं बसलेलं असतं.