शुक्रवारचा साबुदाणा

प्रगतीने जिमच्या दारात चपला काढल्या आणि देवळात शिरावं तशी उजवा पाय पुढे टाकून आत गेली.

"ताई, चपला घाला," आतल्या माणसाने सांगितलं. "हितं अनवाणी चालत न्हाई. येताना बूट आणा."

ती मुकाट्याने मागे फिरली आणि चपला घालून पुन्हा आत आली. वीज गेलेली होती. भिंतीवरच्या चित्रांतले तेल चोपडलेले पुरुष अंधारातून दंड फुगवून तिच्याकडे बघत होते. जिमचा मालक साहेबराव बाकावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता. शिरूरच्या एसटी स्टँडजवळची ही सगळ्यात जुनी जिम, म्हणून तिने सुरुवात इथूनच केली होती.

"बायकांचा क्लास असतो ना हितं? समद्यांनी मिळून करायचा?"

"व्हता. चारदोन बायका यायच्या. त्यांची आपसात जुंपली आन् क्लास बंद पडला. आता पाडव्यानंतर नवी बॅच काढतोय."

"पाडव्यानंतर नको. मला पाडव्याच्या आत वजन उतरवायचंय."

"घरात लग्न हाय वाटतं?"

"व्हय," प्रगती म्हणाली. "भावाचं."

बाहेर उन्हात आल्यावर तिला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली. इंद्रजीतचं लग्न होऊन त्याची पोरगी शाळेत जायला लागली होती.

इंद्रजीत तिच्या पाठचा. कवठे येमाईला राहणारा, दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस, आणि नेमकं त्याचंच लिव्हर कामातून गेलं होतं. घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यावा लागेल, दुसरा इलाज नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आईचं वय झालेलं. त्याच्या बायकोचा, सायलीचा, रक्तगट जुळेना. जुळला तो प्रगतीचा. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ती आनंदाने रडली होती. मग तिची तपासणी झाली आणि कळलं की तिच्या लिव्हरवर चरबी आहे. ती उतरली तरच तुकडा घेता येणार.

ही गोष्ट संक्रांतीच्या आधीची. तेव्हापासून तिने चहातली साखर सोडली, भात सोडला, तळलेल्याकडे बघणं सोडलं. पहाटे उठून घोडनदीच्या पुलापर्यंत चालत जायला लागली. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा तपासलं तर चरबी पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तेलकट, गोड खाता का, म्हणाले. नाही, उलट उपास करते, असं तिने सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. "मग व्यायाम कमी पडतोय. एकटीने होत नसेल तर क्लास लावा. पाडव्यापर्यंत फरक दिसला पाहिजे. त्यापुढे तुमच्या भावाला थांबता येणार नाही."

इंद्रजीतला कुठली गाडी पकडायची असल्यासारखे बोलत होते ते. परतीच्या एसटीत प्रगती खिडकीला डोकं लावून बसली होती आणि रांजणगाव आलं तरी तिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं.

सासरी तिने हे फक्त नवऱ्याला सांगितलं. लग्न झालेल्या बाईचा तुकडा घ्यायचा तर दवाखान्याला नवऱ्याची संमती हवी होती. मच्छिंद्र कंपनीतून पाळी करून आलेला, दमलेला. "आधी चरबी तर उतरू दे, मग बघू," म्हणाला. हो नाही आणि नाही पण नाही. आपल्या आईला यातलं अक्षर सांगू नका, एवढं तिने त्याच्याकडून वदवून घेतलं.

कारण त्या घरात ऑपरेशन हा शब्द चालत नव्हता. सासरे आनंदराव हर्नियाच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते, आणि गाडीत आडवे होऊन परत आले. तेव्हापासून सासूबाई, मुक्ताबाई, दवाखान्याच्या पाटीकडेही बघत नसत. भाऊ आजारी आहे आणि सून गुडघ्यांसाठी वजन उतरवते आहे, एवढंच त्यांच्या कानावर होतं. निदान प्रगतीला तसं वाटत होतं.

सासूला ती आत्या म्हणे, आणि आत्यांनी सख्ख्या आईपेक्षा काकणभर जास्तच जीव लावला होता. "येमाईला नवस बोल," त्यांनीच सांगितलं. "भावासाठी मंगळवार, शुक्रवार धर." मग त्यात सोमवार आला. मग दत्ताचा गुरुवार. चतुर्थी, एकादशी होत्याच. प्रगतीला आठवड्यात जेवणाचे वार शोधावे लागत होते. आत्याही तिच्याबरोबर उपास करत, पण साखर निघाल्यापासून त्यांचा उपास नुसत्या ताकावर. सुनेसाठी मात्र त्या पहाटे चुलीपुढे बसत. "देवीला सुकलेलं तोंड आवडत न्हाई," म्हणत आणि डब्याचं झाकण दाबून बसवत. आजही तो डबा तिच्या पिशवीत होता.

दुसरा क्लास एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये चाले. चालवणारी गौतमी नावाची चुणचुणीत मुलगी दारातच भेटली. हॉलमध्ये झेंडूच्या माळा चढत होत्या, आणि कोपऱ्यात एक बाई परातीत हळद कालवत बसली होती.

"आठवड्यातून दोनदा होतो क्लास," गौतमी म्हणाली. "लग्नसराईत तेवढाच. तिथी असली की आम्हाला हॉल सोडावा लागतो. पावसाळ्यात मात्र रोज."

प्रगतीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती परातीकडे बघत होती. इंद्रजीतच्या डोळ्यांचा रंग आता असाच झाला होता. मागच्या खेपेला तो तिच्याशी मान खाली घालूनच बोलला होता, पोरगी घाबरते म्हणून त्याला ती सवयच लागली होती.

"ताई, पावसाळ्यात या," गौतमी पुन्हा म्हणाली.

"पावसाळा लई लांब हाय," प्रगती म्हणाली आणि निघाली.

आता एकच क्लास उरला होता, बायपासला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर. ती जिना चढली तेव्हा गाणं चालू होतं आणि दहाबारा बायका हात वर करून उड्या मारत होत्या. कुणी पंजाबी ड्रेसवर, कुणी नवऱ्याच्या टी-शर्टात, आणि शेवटच्या रांगेत साठीची एक बाई चक्क काष्टा घालून. कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. प्रगतीला ते बघून एकदम हायसं वाटलं. गाणं संपल्यावर शिकवणारी करिश्मा घाम पुसत तिच्याकडे आली.

"रोज असतो का वो?"

"रोज. सकाळी सहाला एक, दुपारी एक. लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे. तुम्हाला कशासाठी करायचंय?"

लग्नाचं खोटं जिभेवर तयार होतं. पण त्या पिवळ्या परातीने तिच्यातलं काहीतरी ढासळवलं होतं. अनोळखी बाईसमोर, उभ्या उभ्या, तिने सगळं सांगून टाकलं. इंद्रजीत, चरबी, पाडवा. सांगताना आवाज चढला तसा तिने पदरासारखी ओढणी तोंडात धरली. करिश्माने तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"करू आपण," ती म्हणाली. "पण व्यायाम अर्धाच. खाण्याचं आधी बघू. आज काय खाल्लं?"

"आज उपास हाय माझा." प्रगतीने जरा अभिमानानेच डबा काढून दाखवला.

करिश्माने झाकण उघडलं. साबुदाण्याच्या खिचडीच्या कडेने तूप थिजलेलं होतं. वर बटाट्याच्या फोडी, बाजूला शेंगदाण्याचे दोन लाडू.

"असे किती उपास करता?"

प्रगतीने वार मोजून दाखवले.

"म्हणजे जवळजवळ रोज हेच." करिश्माने डब्याचं झाकण लावलं. "ताई, तुम्ही भाकरी सोडून हे खाताय. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, गूळ, तूप. यानं चरबी चढते. इथं दिवसभर उड्या मारल्या तरी उतरायची नाही."

"आवो, पण उपासाचं खाणं म्हंजी खाणं न्हवं."

करिश्मा हसली नाही. "पोटाला कसं कळणार, कुठलं उपासाचं?" ती हळूच म्हणाली. "एवढे उपास सांगितले कुणी?"

"आमच्या आत्यांनी. त्यांना काय ठावं वो, जुनं माणूस—"

आणि तिथेच तिचं बोलणं तुटलं. कारण आत्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्यांची साखर निघाली तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, साबुदाणा, बटाटा बंद, साखर वाढते, पोटात चरबी धरते. शेजारच्या स्टुलावर प्रगती स्वतः बसली होती. तिने ते साखरेच्या पेशंटचं पथ्य म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. आत्यांनी सोडलं नव्हतं. त्या दिवसापासून साबुदाण्याचा दाणाही त्यांनी तोंडात घातला नव्हता.

"सहाच्या क्लासला येते उद्यापासून," ती कशीबशी म्हणाली. डबा तिथेच राहिला.

ती घरी पोचली तेव्हा मुक्ताबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात पातेलं, आणि हात पाण्यात. उद्याच्या शुक्रवारचा साबुदाणा त्या धुऊन भिजत घालत होत्या.

"मिळाला का गं क्लास?"

"मिळाला." प्रगती दारातच उभी राहिली. "आत्या, तुमी का वो खात न्हाई खिचडी?"

"मला साखर हाय न्हवं."

"आन् डाक्टर आजून काय म्हणलं व्हतं?"

मुक्ताबाईंचा हात पातेल्यात थांबला. मग त्यांनी पाणी निथळलं, हात पदराला पुसले, आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "मच्छिंद्रानं सांगितलंय मला. संक्रांतीलाच."

प्रगती दाराला टेकून खाली बसली. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर, तर पहाटे उठून आपल्यासाठी चुलीपुढे बसणाऱ्या या बाईवर.

"मुद्दाम खायला घातलंत मला."

"मुद्दाम," मुक्ताबाई म्हणाल्या. "ह्या घरातनं एक माणूस चालत गेलं व्हतं. तुलाबी जाऊ दिऊ? तुझा स्वराज केवढुसा हाय. त्याला काय सांगू मी?"

"माझा भाऊ मरंल, आत्या."

"ठावं हाय मला." त्यांनी पातेल्यावर झाकण सरकवलं. "म्हणून तर देवीला बोलायला लावलं. त्यो नवस खोटा न्हवता पोरी. देवीनं त्याला वाचवावं आन् तू घरात ऱ्हावंस, एवढंच मागत व्हते."

स्वराज शाळेतून आला, खेळायला गेला, परत आला. पातेलं ओट्यावर झाकलेलं तसंच होतं.

सकाळी प्रगती उठली तेव्हा बाहेर फटफटत होतं. परसात कोंबड्यांचा गलका चालला होता. तिने खिडकीतून बघितलं. मातीत पांढरा साबुदाणा पसरला होता आणि कोंबड्या एकमेकींना टोचून तो टिपत होत्या.

मुक्ताबाई तव्यापुढे होत्या. बाजूला स्वराजचा डबा भरलेला, मेथीची भाजी झाकलेली, आणि त्यांच्या स्वतःसाठी ताकाचा पेला.

"आल्यावर भाकर खा," त्या म्हणाल्या. "तुझं वार मी धरल्यात. देवीला मीच बोलायला लावलं व्हतं, मीच फेडीन. पोराच्या शाळेच्या गाडीचंबी बघते."

प्रगतीने उंबऱ्याशी बसून मच्छिंद्रचे जुने बूट ओढले. सैल होत होते, म्हणून पुढे कापडाचे बोळे कोंबले आणि नाड्या आवळायला घेतल्या.

"किती कापत्यात गं?" मागून आवाज आला.

"निम्म्याच्या वर."

तव्यावरचा हात थांबल्याचं तिला न बघताही कळलं.

"पण पुन्हा वाढतं म्हणत्यात," ती घाईने म्हणाली. "देणाऱ्याचंबी आन् घेणाऱ्याचंबी."

"वाढतं?"

"व्हय."

"आन् न्हाई वाढलं तर?"

प्रगतीने गाठ मारली. ती सैल वाटली म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. आतल्या खोलीत स्वराज झोपेत कूस बदलत होता, त्याचा पाय भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

"तर तुमी हाय की त्याला," ती म्हणाली.

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली होती. करिश्माच्या क्लासचा जिना चढेपर्यंत प्रगतीच्या ओढणीला करपलेल्या भाकरीचा वास येत होता.